मूडबिद्रीच्या पेटीची किल्ली

१९१५ च्या सुमारास मिरजेचे गजपती उपाध्ये सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या दारी आले. बरोबर पोथ्या होत्या, कानडी लिपीत उतरवलेले धवला आणि जयधवला हे ग्रंथ. शेठजींनी योग्य ते मोल द्यावे आणि या प्रती ठेवून घ्याव्यात, एवढेच त्यांचे मागणे होते. याच ग्रंथांच्या नकला व्हाव्यात म्हणून हिराचंदांनी तीस वर्षे खटपट केली होती, पदरमोड करून आणि वर्गण्या गोळा करून पैसा उभा केला होता. तरीही त्यांनी प्रती घेतल्या नाहीत. उपाध्ये पोथ्या घेऊन परत फिरले.

सोलापुरातल्या एका मोठ्या सार्वजनिक वाचनालयाला आज हिराचंद नेमचंद यांचे नाव आहे. ग्रंथपालांच्या चर्चासत्रांत कॉपीराइटचा विषय निघाला की बोलणे कलमे आणि दंड यांच्यापासून सुरू होते. सोलापुरापुरता हा विषय त्या दारातल्या नकारापासून सुरू करावा, असे मला वाटते. पुस्तक कुणाच्या ताब्यात, त्याची प्रत कुणी काढायची, काढलेली प्रत कुणाला द्यायची आणि दिलेला शब्द कुठवर पाळायचा, हे सगळे प्रश्न त्या एका भेटीत होते. कॉपीराइटचा कायदा मात्र तिथे कुठेच नव्हता.

आधी हे ग्रंथ कोणते ते सांगायला हवे. दिगंबर जैन परंपरेनुसार धरसेनाचार्यांनी गिरनारच्या गुहेत पुष्पदंत आणि भूतबली या दोघांना जे शिकवले, ते त्या दोघांनी सूत्रांत बांधले. तो षट्खंडागम. त्यावर वीरसेनांनी नवव्या शतकाच्या आरंभी धवला ही टीका लिहिली. तिचा विस्तार ७२ हजार श्लोकांएवढा सांगतात. कषायप्राभृत या दुसऱ्या सिद्धांतग्रंथावरची जयधवला वीरसेनांनी आरंभली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी पुरी केली. भूतबलींचाच महाबंध लोकांच्या तोंडी महाधवल म्हणून राहिला. शतकानुशतके या ग्रंथांचे फक्त नाव ऐकू येत होते. प्रती उरल्या होत्या एकाच गावी, दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, ताडपत्रांवर. यात्रेकरू जात, पेटी उघडली जाई, ताडपत्रांना हात जोडले जात, पेटी पुन्हा बंद होई. ग्रंथांचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. ती जुनी कानडी लिपी लागणारी माणसेही मोजकीच उरली होती.

१८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद संघ घेऊन मूडबिद्रीला गेले. ताडपत्रे जीर्ण होऊन झडत चाललेली त्यांनी पाहिली आणि सोलापूरला हिराचंदांना कळवले. हिराचंद पुढच्याच वर्षी श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींना घेऊन तिथे पोचले आणि ग्रंथाचे मंगलाचरण वाचून घेतले. पानांवर आहे ते वाचता येते, हे त्या दिवशी कळले. हिराचंद हे उद्योगपती वालचंद हिराचंदांचे वडील, एवढीच त्यांची ओळख आता उरली आहे. पण 'जैन बोधक' हे मासिक त्यांनी त्याच काळात सोलापुरातून सुरू केले, आणि धर्मग्रंथ छापणे हेच पाप असे मानणाऱ्यांच्या गर्दीत ते छापण्याच्या बाजूने उभे राहिले. पुस्तक जपायचे ते वाचले जावे म्हणून, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी मूडबिद्रीचे पंच आणि भट्टारक, म्हणजे तिथले मठाधिपती, यांच्याशी बोलणी व्हायला दहा-बारा वर्षे गेली. मधल्या काळात अजमेरच्या शेठ मूलचंद सोनींनी नक्कल काढायचा प्रयत्न केला. तयार झालेली प्रत अजमेरला जाणार म्हटल्यावर मूडबिद्रीकरांनी नकार दिला आणि काम थांबले. अखेर १८९६ मध्ये हिराचंद आणि माणिकचंद यांनी उभ्या केलेल्या पैशांवर नकलेला आरंभ झाला तो एका अटीवर: नवी प्रत मूडबिद्रीतच राहील. ब्रह्मसूरी शास्त्री थोड्याच पानांनंतर वारले. मग ओझे आले त्यांचे सहकारी गजपती उपाध्ये यांच्यावर. धवला आणि जयधवला नागरीत उतरवायला त्यांची सुमारे सोळा वर्षे गेली. महाधवलासकट सगळे काम हातावेगळे झाले ते १९२२ मध्ये. म्हणजे सव्वीस वर्षे.

या सोळा वर्षांत गजपतींनी दिवसाच्या नकलेशेजारी गुपचूप आणखी एक प्रत तयार केली, कानडीत. त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा हात मोठा होता. हे ग्रंथ शिकले-शिकवले जावेत, ही त्या विदुषी बाईंची तळमळ. अमरावतीचे प्राध्यापक हीरालाल जैन यांनी पुढे हा सगळा वृत्तांत लिहून ठेवला म्हणून लक्ष्मीबाईंचे नाव तरी आपल्यापर्यंत आले. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ मध्ये मांडले. त्यातला पहिला, पुस्तक वापरण्यासाठी असते हा, लक्ष्मीबाई त्याआधी कित्येक वर्षे आपल्या घरात रात्री बोरूने आचरणात आणत होत्या.

आणि हिराचंदांनी नकार का दिला? प्रती बाहेर नेणार नाही, असा शब्द त्यांनी पंचांना आणि भट्टारकांना दिला होता, हेच कारण हीरालाल जैन यांना दिसते. मला या प्रसंगात कुणी खलनायक दिसत नाही. एकाने दिलेला शब्द पाळला. एकीने ग्रंथ वाचकापर्यंत नेला. ग्रंथपालाच्या कामात ही दोन्ही कर्तव्ये आहेत आणि ती एकमेकांना अडवतात. ज्याने ही अडचण सोसली नाही, त्याने ग्रंथालय नुसते सांभाळले आहे.

त्या वेळी कायदा काय म्हणत होता? हिंदुस्थानात लेखकाच्या हक्काचा पहिला कायदा १८४७ चा, कंपनी सरकारचा. प्रकाशनापासून ४२ वर्षे किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर ७ वर्षे, यांपैकी जी मुदत लांब असेल ती. मग १८६७ चा पंचविसावा आक्ट आला. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे त्या आक्टाप्रमाणे नोंदणी करून सर्व हक्क राखल्याचा जो उल्लेख वारंवार दिसतो, तो याच कायद्याचा. सरकारला छापील मजकुरावर नजर ठेवायची होती. त्या नजरेपोटी प्रत्येक पुस्तकाच्या प्रती जमा झाल्या, त्रैमासिक याद्या निघाल्या, आणि आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांचा शोध घेणाऱ्याला त्याच याद्या हाताशी येतात. १९१४ मध्ये विलायतेचा १९११ चा कायदा इथे लागू झाला आणि मुदत लेखकाच्या हयातीनंतर ५० वर्षांवर गेली.

यातला एकही कायदा मूडबिद्रीच्या पेटीला लागू नव्हता. वीरसेन जाऊन हजारएक वर्षे झाली होती. धवला कुणीही उतरवावी, छापावी, विकावी, कायद्याने आडकाठी नव्हती. अडवत होती ती पेटीची किल्ली. ग्रंथावर हक्क कुणाचाच नव्हता, ताबा मात्र एका जागेचा होता, आणि ताब्याला मुदत नसते. या गोष्टीतून मला जे सांगायचे आहे ते हेच. छापखान्यापूर्वी पुस्तकाचा मालक म्हणजे किल्ली ज्याच्याकडे तो. छापखान्याच्या काळात किल्लीची जागा कायद्याने घेतली, आणि कायद्याला मुदत होती, त्याला दारे-खिडक्याही होत्या. आता पुस्तक पडद्यावर आल्यावर किल्ली परत आली आहे.

गजपतींची प्रत सोलापुरातून निघाली ती उत्तरेत सहारनपूरला पोचली. लाला जंबूप्रसाद यांनी ती आपल्या मंदिरात ठेवून घेतली. कानडीतून नागरी करण्यासाठी विजयचंद्रय्या आणि सीताराम शास्त्री यांना बसवले. सीताराम शास्त्रींनी एक प्रत स्वतःसाठीही करून घेतली आणि तिच्यावरून पुढे नकलांवर नकला निघाल्या. आरा, कारंजा, अमरावती, मुंबई, आणि ज्या सोलापूरने आधी नको म्हटले ते सोलापूरसुद्धा. १९१५ ते १९३० च्या दरम्यान हा ग्रंथ ज्या वेगाने पसरला, त्या वेगाने तो आधीच्या हजार वर्षांत पसरला नव्हता.

पण अशा प्रतींचे एक दुखणे असते. ताडपत्रावरून कानडी, कानडीवरून नागरी, नागरीवरून पुन्हा नागरी. प्रत्येक हाताला काही शब्द गळतात, कधी ओळीच्या ओळी गळतात. हीरालाल जैन यांनी अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती शेजारी ठेवून धवलाचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून छापला तेव्हा त्यांना हे पदोपदी जाणवले. षट्खंडागमाच्या जीवस्थान या भागातल्या ९३ व्या सूत्रात 'संजद', म्हणजे संयत, हा एक शब्द असायला हवा, असा त्यांचा तर्क होता. नकलांत तो नव्हता, म्हणून त्यांनी तो तळटीपेत सुचवला. स्त्रीला मोक्षाचा अधिकार आहे की नाही, या वादाशी त्या शब्दाचा संबंध जोडला गेला आणि पंडितांमध्ये रान पेटले. मूडबिद्रीच्या ताडपत्रात शब्द होता. नकलणाऱ्याच्या डोळ्याखालून तो निसटला होता. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या, पाने गाळलेल्या, उलटसुलट स्कॅन केलेल्या पीडीएफवर जे विद्यार्थी आज प्रबंध लिहितात, त्यांना ही हकिगत पहिल्याच तासाला सांगायला हवी. चोरवाटेने आलेली प्रत वाचायला मिळते हे खरे, पण ती खरी आहे याची हमी द्यायला कुणी उभे नसते. मूळ प्रत ज्याच्याकडे आहे त्यानेच नीट, उघडपणे नक्कल काढली तर ही हमी मिळते, आणि ग्रंथालयाचे काम तिथेच आहे.

श्रावकांनी, म्हणजे गृहस्थ जैनांनी, हे सिद्धांतग्रंथ वाचावेत का, असाही वाद त्या वर्षांत झाला. पहिले खंड छापून लोकांच्या हाती आल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि विश्वस्तांनी पुढच्या खंडांसाठी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहायला परवानगी दिली. ज्या पेटीतून प्रत बाहेर जाऊ नये म्हणून अर्धे शतक ताणाताणी झाली, ती पेटी छापील पुस्तक बाहेर आल्यावर उघडली. ताडपत्रांचे महत्त्व त्याने उणावले नाही. उलट खरा पाठ कुठे आहे, हे जगाला कळले. सोळा खंड पुरे व्हायला सुमारे वीस वर्षे लागली. त्याच सुमारास आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. कीड लागणार नाही असे काहीतरी हवे होते. ते पत्रे फलटणला आहेत.

सोलापूर या कथेत पुन्हा येते. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री विद्वानांना बोलावले आणि तीस हजार रुपये देऊन जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन केला. १९४४ मध्ये आपली सगळी मालमत्ता, सुमारे दोन लाख रुपये, त्यांनी संघाच्या नावे केली. त्यातून सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हीरालाल जैन तिचे संपादक. तिलोयपण्णत्ती इथून निघाली, कृष्णकांत हंडिकींचे यशस्तिलकावरचे पुस्तक १९४९ मध्ये इथून निघाले. पुढे अमरावतीचे धवलाचे खंडही याच संघाने सुधारून पुन्हा छापले. ज्या गावाने १९१५ मध्ये प्रत परत पाठवली, त्या गावाच्या नावावर आज त्या ग्रंथाची छापील आवृत्ती आहे, आणि तिचे स्कॅन जगभर वाचले जातात.

आता कायद्याकडे. वीरसेनांचा मूळ मजकूर मुक्त आहे. पण हीरालाल जैन यांची प्रस्तावना मुक्त नाही. ते १९७३ मध्ये वारले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आज जी मुदत आहे ती लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. म्हणून ती प्रस्तावना २०३३ संपेपर्यंत संरक्षित आहे. अनुवादाला एकाहून अधिक हात लागले असतील, तर शेवटचा सहलेखक वारला तिथून मोजणी सुरू होते. एकाच जिल्दीत हजार वर्षांपूर्वीचा मुक्त मजकूर आणि विसाव्या शतकातला राखीव मजकूर असे शेजारी बसलेले असतात. जुन्या पोथ्या, बखरी, संतवाङ्मय यांच्या संपादित आवृत्त्या स्कॅन करताना बहुतेक वाचनालये इथेच गडबडतात. ज्ञानेश्वरी मुक्त आहे. तिची एखाद्या संपादकाने टिपा घालून केलेली आवृत्ती मुक्त असेलच असे नाही.

मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. त्यांचे साहित्य १९९१ च्या अखेरीस मुक्त होणार, विश्वभारतीचे उत्पन्न जाणार, म्हणून घाईने दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढली. एका संस्थेच्या अडचणीसाठी मराठीतल्या कित्येक विस्मृतीत गेलेल्या लेखकांची पुस्तकेही दहा वर्षे जास्त अडकली. त्यांच्या वारसांना त्यातून पैही मिळाली नाही, कारण ती पुस्तके कुणी छापतच नव्हते. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता.

तरी या कायद्याला दारे आहेत, आणि ती ग्रंथपालांनी पाठ करावीत अशी आहेत. कलम ५२ मध्ये हक्कभंग न ठरणाऱ्या गोष्टींची यादी आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी रास्त प्रमाणात नक्कल काढणे तिथे आहे. वर्गातल्या शिक्षणासाठी नक्कल काढणे आहे. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या, बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाने स्वतःच्या वापरासाठी, तीनपर्यंत प्रती काढणे आहे. लेखक कोण ते ठाऊक असलेल्या अप्रकाशित हस्तलिखिताची नक्कल, लेखक वारून ६० वर्षे उलटली असतील तर, अभ्यासासाठी किंवा प्रकाशनासाठीही काढता येते. म्हणजे मूडबिद्रीसारखी पेटी आज एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात असती, तर गजपतींची प्रत आजच्या कायद्यानेही गुन्हा ठरली नसती.

झेरॉक्स यंत्र गल्लोगल्ली आले तेव्हा या दारांची पहिली परीक्षा झाली. सोलापुरात काय आणि लातुरात काय, कुठल्याही महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर झेरॉक्सची दुकाने असतातच. एम.ए.चे विद्यार्थी अडीच हजारांचे इंग्रजी पुस्तक विकत घेत नाहीत, त्यातली दोन प्रकरणे झेरॉक्स करतात. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथले रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान यांच्यावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट हा निसर्गाने दिलेला हक्क नसून कायद्याने समाजाच्या हितासाठी घातलेली रचना आहे, हा त्या निकालाचा गाभा. त्याच डिसेंबरात खंडपीठानेही मुख्य मुद्द्यावर शिक्षणाचीच बाजू उचलून धरली. भारतातल्या ग्रंथालयांच्या दृष्टीने गेल्या शंभर वर्षांतला हा सर्वांत मोठा निकाल आहे. मात्र तो वर्गातल्या शिक्षणापुरता आहे. तालुक्याच्या वाचनालयातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी कुण्या हयात लेखकाचे अख्खे पुस्तक झेरॉक्स करून वाटण्याला त्याचा आधार घेता येत नाही, आणि घेऊही नये. मराठीत पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची असते. महाराष्ट्रातली हजारो शासनमान्य वाचनालये हीच त्या पुस्तकांची मुख्य गिऱ्हाइके आहेत. वाचनालयानेच पुस्तक विकत घ्यायचे सोडून पीडीएफ फिरवली, तर तो लेखक पुढचे पुस्तक लिहिणार कशाच्या जोरावर?

डिजिटल काळासाठी कायदा २०१२ मध्ये दुरुस्त झाला. ग्रंथालयांना एक नवे दार मिळाले: स्वतःकडे छापील प्रत असेल तर ती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येईल. हे कलम वाचल्यावर सुरुवातीला हायसे वाटते. १९३० च्या आसपासच्या मराठी पुस्तकांचा कागद हातात तुकडे होऊन येतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर लवकरच. अशी पुस्तके स्कॅन करायला हवीत यात दुमत नाही. पण कलम पुन्हा वाचा. साठवता येईल, एवढेच त्यात आहे. साठवलेले वाचकाला पडद्यावर दाखवता येईल का, दुसऱ्या गावच्या संशोधकाला पाठवता येईल का, याबद्दल कलम गप्प आहे. सावध ग्रंथपाल याचा अर्थ 'नाही' असाच घेतो, कारण हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. मग स्कॅन हार्ड डिस्कवर जाते, हार्ड डिस्क कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते. आत पुस्तक सुरक्षित आहे, असे पाहुण्यांना सांगितले जाते. मूडबिद्रीच्या यात्रेकरूंना निदान ताडपत्रे तरी दिसत होती.

भीतीला कारणही घडले आहे. अमेरिकेतले राज रेड्डी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकाराने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया उभी राहिली. देशभरात स्कॅनिंग झाले, त्यात मराठी पुस्तकेही हजारोंनी आली. मुक्त कोणते आणि राखीव कोणते याची चाळणी मात्र नीट लागली नाही. हक्कभंगाच्या तक्रारी आल्या आणि २०१७ मध्ये ते संकेतस्थळ बंद पडले. राखीव पुस्तकांबरोबर निर्विवाद मुक्त पुस्तकेही त्या दारातून दिसेनाशी झाली. कुणीतरी आधीच प्रती काढून इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतल्या डिजिटल ग्रंथालयात ठेवल्या होत्या, म्हणून त्या आज सापडतात. सहारनपूरच्या वाटेने पुस्तक पुन्हा एकदा वाचले.

त्या इंटरनेट अर्काइव्हलाही पुढे धडा मिळाला. आपल्याकडे छापील प्रत एक असेल तर तिचे स्कॅन एका वेळी एकालाच उसने द्यायचे, ही त्यांची पद्धत. करोनाच्या काळात त्यांनी 'एका वेळी एक'चे बंधन सैल केले आणि चार मोठे प्रकाशक कोर्टात गेले. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला, आणि तो 'एका वेळी एक'च्या पद्धतीलाही लागू केला. छापील पुस्तक वाचनालयाने कितीही वेळा उसने द्यावे, कुणाची हरकत नाही. तेच पुस्तक स्कॅन होऊन तसेच उसने दिले तर हरकत आहे.

ई-पुस्तकांचे तर वेगळेच. वाचनालय ई-पुस्तक विकत घेत नाही, वापराचा परवाना घेते. दाखलपुस्तकात नोंद करायला हातात काही येत नाही. वर्गणी संपली की पासवर्ड चालत नाही आणि काल वाचलेले पान आज उघडत नाही. परवान्याच्या करारात आंतरग्रंथालयीन देवघेवीला मनाई असू शकते, नक्कल काढायला मनाई असू शकते, आणि संसदेने कलम ५२ मध्ये जे दिले ते कराराच्या बारीक अक्षरांत काढून घेता येते. डिजिटल कुलूप तोडण्याविरुद्ध २०१२ मध्येच कलम ६५-अ आले. आपल्या संसदेने त्यात शहाणपणाने एक फट ठेवली: कायद्याने मना नसलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर गुन्हा नाही. पण ते उघडायची हत्यारे कुठल्या जिल्हा ग्रंथालयात आहेत? जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' या योजनेत सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना तीस प्रकाशकांची जवळजवळ तेरा हजार नियतकालिके खुली झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला यात जे मिळते, ते मिळवायला आधीच्या पिढीला पुण्या-मुंबईला जावे लागे. हे चांगले झाले. पण सार्वजनिक वाचनालये त्या योजनेत नाहीत, आणि तीन वर्षांनी किल्ली कुणाकडे असेल ते प्रकाशकांशी होणाऱ्या वाटाघाटींवर ठरेल. छापील नियतकालिकाची वर्गणी बंद केली तरी जुने अंक कपाटात राहत. इथे तसे आपोआप होत नाही.

एक दार मात्र पूर्ण उघडे आहे आणि त्यातून जाणारे फार थोडे आहेत. दृष्टिहीन आणि इतर अपंग वाचकांसाठी पुस्तक ब्रेल, ध्वनी किंवा मोठ्या अक्षरांत करायला २०१२ च्या दुरुस्तीने परवानगी दिली. ना-नफा तत्त्वावर संस्थेलाही ते करता येते, हयात लेखकाच्या पुस्तकाचेही. याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश. स्कॅनर आणि चांगल्या आवाजाचा एक स्वयंसेवक एवढ्यावर तालुक्याचे वाचनालयही हे करू शकते.

पीडीएफच्या चोरांविषयी मला सहानुभूती नाही. मागणी साधी आहे: वीस-तीस वर्षे बाजारात नसलेले, वारसांना पत्र पाठवूनही उत्तर न आलेले पुस्तक, जतनासाठी स्कॅन केले असेल तर, वाचनालयाच्या चार भिंतींत एका वेळी एका वाचकाला पडद्यावर दाखवायची मुभा कायद्यात स्पष्ट शब्दांत असावी. हक्कदार सापडत नसेल तर परवाना मागायची वाट कलम ३१-अ मध्ये आहे, पण वर्तमानपत्रात जाहिराती देऊन आणि अर्ज करून ती चालायला एका पुस्तकासाठी जो खर्च येतो तो कुठलेही 'क' वर्ग वाचनालय करणार नाही.

तोवर हातात आहे ते करता येते. दाखलपुस्तकात किंवा संगणकाच्या नोंदीत लेखकाचे मृत्युवर्ष हा एक रकाना वाढवला की कुठले पुस्तक कधी मोकळे होणार, ते आपोआप दिसू लागते. ज्ञानकोशकार केतकर १९३७ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये, डॉ. आंबेडकर १९५६ मध्ये. त्यांची हयातीत छापलेली पुस्तके आज कुणीही स्कॅन करून खुली ठेवावीत. सावरकर १९६६ मध्ये गेले, त्यांची तशी पुस्तके १ जानेवारी २०२७ पासून मोकळी होतील. हीरालाल जैन यांच्या धवलावरच्या प्रस्तावना, ज्यांत गजपती उपाध्ये, लक्ष्मीबाई आणि सोलापूरच्या शेठजींची हकिगत आहे, १ जानेवारी २०३४ पासून.